डेक्लनची डोकेदुखी

हिवाळ्यात केस्लर गावाला दोनच विषय असतात, एक थंडी आणि दुसरा गावच्या बॅजर्स या आइस हॉकी संघाची बचावफळी. थंडीचं कोणाला काही करता येत नाही, म्हणून गावाची सगळी अक्कल दुसऱ्या विषयावर खर्च होते. को-ऑप दुकानाच्या कोपऱ्यातल्या कॉफीच्या टेबलावर सकाळी जी मंडळी जमतात, त्यांतल्या निम्म्यांना बर्फावर धड उभं राहता येत नाही. पण सतरा वर्षांच्या पोराने उलटं स्केटिंग करताना गुडघे किती वाकवावेत, हे ती छातीठोकपणे सांगतात.

त्या मार्चमध्ये टेबलावर दोन नावं होती, कोल्बी लिसोव्स्की आणि डेक्लन पाईक. दोघेही बचावपटू, दोघेही सतरा वर्षांचे, आणि दोघांचेही डोळे जूनच्या ड्राफ्टकडे लागलेले, म्हणजे मोठे व्यावसायिक संघ नवी पोरं निवडतात त्या दिवसाकडे.

"कोल्बी म्हणजे वाघ आहे रे," एल्मर डोनटचा तुकडा कॉफीत बुडवत म्हणायचा. "पक मिळाला की सुटलाच. समोरच्याला आडवा करतो ना, तेव्हा माझ्या बरगड्या दुखतात."

"आणि पाईक?"

"पाईक म्हणजे कुंपण. मजबूत आहे, नाही कोण म्हणतो? पण कुंपण बघायला कोणी तिकीट काढतं का?"

टेबल हसायचं, आणि सगळ्यांत मोठ्याने हसायचा गार्थ लिसोव्स्की. खरं तर त्याने हसायला नको होतं. कोल्बी त्याचा मुलगा, ते ठीकच. पण डेक्लनही त्याच्याच घरात राहत होता आणि त्याच्याच टेबलावर जेवत होता.

बाहेरगावची पोरं संघात आली की गावातली घरं त्यांना मोसमभर ठेवून घेतात. बिलेट म्हणतात त्याला. एकदा घरात घेतलं की ते पोर आपलं. त्याचं जेवण, त्याचा ताप, त्याचे गणिताचे मार्क, सगळं आपलं. केस्लरमध्ये शेताच्या बांधावरून भाऊ भावाशी वर्षानुवर्षं बोलत नाहीत, पण बिलेटच्या पोराला कोणी दुजाभावाने वागवलं असं कधी ऐकिवात नव्हतं.

डेक्लन आला होता पार न्यूफाउंडलंडच्या टोकावरच्या मासेमारीच्या गावातून. गार्थची बायको मार्लीन हिला पहिला महिनाभर त्याची बोली अर्धीच कळायची. तो तिला "मिसेस" म्हणायचा आणि गार्थला "स्किपर". त्यांच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला तसंच म्हणतात. रविवारी सकाळी तो पिठाचे गोळे थापून चरबीत तळायचा आणि वर काकवी ओतायचा. कोल्बी आईच्या पेरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, बाजूला सारून त्या गोळ्यांवर तुटून पडायचा. "बघा, पोटचं पोर फितूर झालं," मार्लीन म्हणायची, आणि स्वतःही एक उचलायची.

गार्थ शेतीयंत्रांच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर होता. एके काळी तोही बॅजर्सचा बचावपटू होता, आणि त्याला कोणी निवडलं नव्हतं. हे दुःख त्याने कधी बोलून दाखवलं नाही, पण कोल्बीला धड चालता येण्याआधी त्याच्या पायांत स्केट होते, यावरून काय ते समजावं. तळघरात त्याने धार लावायचं यंत्र बसवलं होतं. आता दोन्ही पोरांच्या स्केटना तोच धार लावायचा आणि नखावर पातं घासून बघायचा.

खेळ त्याला चांगला कळत होता. म्हणूनच तर तो मोठ्याने हसायचा. कोल्बी पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, घेऊन सुसाट निघाला की सगळी रिंक उभी राहायची, हे खरं. पण तो पुढे गेला की मागे भलंमोठं भगदाड पडायचं, आणि ते दर वेळी डेक्लन बुजवायचा. डेक्लन बर्फावर असला की काही घडायचंच नाही. समोरचा गडी पक घेऊन यायचा. डेक्लन एका स्टिकचं अंतर राखून मागे सरकत राहायचा, मेंढरू वळवावं तसा त्याला हळूहळू कडेच्या फळ्यांकडे नेत राहायचा. आणि अखेरीस त्या गड्याला कळायचं की आपल्याला जागाही उरली नाही आणि आपल्याकडे पकही नाही. मग एक साधा, सरळ पास. लोक तेवढ्या वेळात पॉपकॉर्न घेऊन यायचे.

मंगळवारी सरावाला रे ऑबुशॉन आला. मॅनिटोबापासून रॉकीजपर्यंतच्या सगळ्या रिंका पालथ्या घातलेला, व्यावसायिक संघासाठी पोरं हेरणारा म्हातारा स्काउट, कायम एकाच कोपऱ्यात काचेला चिकटून उभा, हातात थर्मास. गार्थ त्याच्याशेजारी जाऊन उभा राहिला. जणू सहजच.

"यंदा ड्राफ्टच्या बैठकीत माझ्या भागातल्या एकाच बचावपटूसाठी टेबलावर मूठ आपटणार आहे," ऑबुशॉन म्हणाला. "दोनदा आपटली की कोणी ऐकत नाही."

"दोघंही चांगले आहेत," गार्थ म्हणाला.

"तुझ्या पोराबद्दल मी तुला विचारणार नाही. बापाला काय विचारायचं? पाईकचं सांग. घरात कसा आहे?"

"गुणी आहे."

इथे थांबता आलं असतं. पण ऑबुशॉन काचेतून बघत स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "मला आवडतो तो. असल्या पोरामुळे गोलकीपरचे केस पिकत नाहीत." गार्थने बर्फावरच्या कोल्बीकडे बघितलं.

"गुणी आहेच," तो म्हणाला. "फक्त ते डोक्याचं तेवढं... म्हणजे, नोव्हेंबरात दोन दिवस खोलीत अंधार करून पडला होता. डोकं दुखतंय म्हणाला. आता ठीक आहे म्हणा."

थर्मासचं झाकण ऑबुशॉनच्या तोंडाशी जाता जाता थांबलं. "डॉक्टरला माहीत आहे?"

"मी नाही बोललो कुठे. उगाच पोराचं नुकसान नको."

पोराचं नुकसान नको, असंही म्हणाला तो! हॉकीतल्या माणसाला अंधार आणि डोकेदुखी हे दोन शब्द एकत्र ऐकवले की तिसरा शब्द सांगावा लागत नाही. मेंदूला मार, आणि तो लपवलेला. असं पोर मग कितीही चांगलं खेळो, स्काउट त्याच्यावरून पुढे सरकतात. गार्थला हे पुरतं ठाऊक होतं. 'आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं' असं माणसं म्हणतात. पण इथे दुसऱ्याचं पोर चांगलं आहे हे कळत असूनच त्याने त्याच्या पायाखालची फळी काढली होती.

आणि यातली सगळ्यांत लाजिरवाणी गोष्ट अशी की त्याच्या बोलण्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

नोव्हेंबरात मार्लीन बहिणीकडे गेली होती आणि कोल्बी शाळेत होता. डेक्लन डोकं दुखतं म्हणून दोन दिवस घरी राहिला. पहिल्या दिवशी दुपारी गार्थ विसरलेला डबा न्यायला आला, तर तळघरातल्या खोलीतून आवाज येत होता. दिवा बंद, पडदा ओढलेला, आणि उशीत तोंड खुपसून पोर हमसून हमसून रडत होतं. त्याचे आजोबा, त्याचे 'पॉप', गेले होते. वडील सदानकदा बोटीवर, त्यामुळे पोराला स्केटिंग शिकवलं आजोबांनी, घरामागच्या गोठलेल्या तळ्यावर. पहिला गोलही त्यांनीच मासे धरायच्या जुन्या जाळ्याचा करून दिला होता. अंत्यविधीला जाऊ नकोस, खेळ सोडू नकोस, असा घरून निरोप होता. गार्थ जिन्याच्या पायरीवर बसून राहिला. त्या दिवशी तो दुकानात परत गेलाच नाही.

"पोरांना नका सांगू, स्किपर," डेक्लन म्हणाला होता. "डोकं दुखतंय असंच सांगा."

"माझ्या तोंडून शब्द बाहेर जाणार नाही," गार्थने वचन दिलं होतं.

गुरुवारी डेक्लन सरावावरून लवकर परतला. ऑबुशॉनने प्रशिक्षकाला विचारलं होतं, प्रशिक्षकाने नियमाप्रमाणे त्याला डॉक्टरकडे धाडलं होतं, आणि डॉक्टरने पुढचं सांगेपर्यंत त्याला बर्फावर उतरायला मनाई केली होती. म्हणजे शुक्रवारचा सामना गेला, शनिवारचा गेला. नेमके स्काउट येणार होते तेच दोन.

"कोणत्या हलकटाने चुगली केली?" जेवताना कोल्बी भडकला. "सापडू दे, त्याचे दात घशात घालतो."

"कोल्बी, तोंड सांभाळ," मार्लीन म्हणाली. मग डेक्लनकडे वळली. "डोकं खरंच दुखत होतं का रे बाळा तेव्हा? मला सांगायचं नाहीस?"

"दुखत होतं, मिसेस. डॉक्टरनाही तेच सांगितलं." त्याने मान वर केली नाही. "असू दे. बटाटे दे रे इकडे."

बटाट्यांचं भांडं गार्थनेच त्याच्याकडे सरकवलं. पोराने स्वतःच्या तोंडाने ते कबूल केलं होतं! आजोबांसाठी रडलो हे सांगायची लाज वाटली असणार, दुसरं काय? आता खरं काय ते जगात दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातला एक बोलणार नव्हता. उरला गार्थ.

शुक्रवारभर तो दुकानात चुकीचे नट-बोल्ट देत राहिला. ऑबुशॉनला फोन करायला त्याने तीनदा हात पुढे केला. पण खरं सांगायचं तर रडण्याचं सांगावं लागणार, आणि ते न सांगायचं पोराला वचन दिलेलं. वचन मोडायचं कसं? केसाने गळा कापून झाल्यावर त्याला वचनाची आठवण झाली होती! हा बहाणा त्याचा त्यालाच कळत होता, आणि तरी तो त्याला चिकटून बसला, कारण पोराला तोंड दाखवण्यापेक्षा ते सोपं होतं.

संध्याकाळी सामन्याला निघण्याआधी कोल्बी स्केट घेऊन तळघरात आला. एकटाच. डेक्लनचा जोड कोपऱ्यात कोरडा पडला होता. गार्थने तरीही त्याला धार लावली.

शनिवारी दुपारी मोसमातला घरचा शेवटचा सामना होता. त्याच्या आधी बिलेटच्या घरांचा मान असतो. बर्फावर लाल गालिचा टाकतात, एकेका पोराचं नाव पुकारतात, आणि ते पोर आपल्या घरच्यांना घेऊन मधोमध येतं. घरच्या बाईला गुलाबाचं फूल आणि घरच्या माणसाला त्या पोराची मोसमभर घातलेली जर्सी, काचेच्या चौकटीत. गाव उभं राहून टाळ्या वाजवतं. गार्थने 'तब्येत बरी नाही' असं म्हणून बघितलं, पण मार्लीनने त्याचा कोट आधीच काढून ठेवला होता.

"पोराचा आजचा सामना गेला," ती म्हणाली, "आणि तू त्याला गालिच्यावरही एकटं पाठवणार?"

बाकीची पोरं गणवेशात होती. डेक्लन शाळेच्या समारंभाला घालतात तसल्या सुटात, आखूड झालेल्या बाह्या ओढत आला. पुकारणाऱ्याने नाव घेतलं, टाळ्या वाजल्या. डेक्लनने मार्लीनला फूल दिलं. ती त्याच्या गळ्यात पडून रडली आणि कोणालातरी फूल दाखवायला वळली. मग त्याने चौकट पुढे केली. गार्थने दोन्ही हातांनी धरली. समोर फोटोवाला "जरा हसा की!" म्हणून ओरडत होता, आणि पलीकडच्या कोपऱ्यात काचेमागे ऑबुशॉन थर्मास घेऊन उभा होता.

गार्थला वाटलं, बर्फ दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

"डेक्लन," तो म्हणाला. "ऑबुशॉनला मी सांगितलं."

"माहीत आहे, स्किपर."

फोटोचा दिवा लखकन चमकला.

"कसं?"

"डॉक्टरनी विचारलं, दोन दिवस अंधार करून पडला होतास का? अंधाराचं फक्त तुम्हीच बघितलं होतंत." डेक्लन फोटोवाल्याकडेच बघत होता. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"मग खरं का नाही सांगितलंस त्यांना?"

"खरं सांगितलं असतं तर तुम्ही खोटे पडला असता." मग तो म्हणाला, "आणि मोसम संपेपर्यंत मला तुमच्याच घरी राहायचं आहे, स्किपर. मी कुठे जाणार?"

गार्थ मेल्याहून मेल्यासारखा झाला. स्वतःच्या घरात हे पोर दोन दिवस त्याच्यासमोर बसून बटाटे खात होतं, सगळं माहीत असून, कारण त्याला जायला दुसरी जागा नव्हती. बिलेटच्या पोराला दुजाभाव म्हणतात तो यापेक्षा वेगळा काय असतो?

"मी त्याला सांगू का?" त्याने विचारलं. "सगळं सांगावं लागेल. आजोबांचंही."

डेक्लनने खाली बघून बुटाने गालिच्याची दुमडलेली कड सरळ केली. "सांगा," तो म्हणाला. "पॉपबद्दल नीट सांगा पण."

गार्थ चौकट काखेत मारून तसाच कोपऱ्याकडे गेला. ऑबुशॉनने त्याला येताना बघितलं आणि थर्मास बंद केला. गार्थने सांगितलं: अंधार कशाचा होता, आजोबा कोण होते, मासे धरायच्या जाळ्याचा गोल, आणि हे सगळं माहीत असून मंगळवारी आपण काय बोललो आणि कशासाठी बोललो.  म्हाताऱ्याने मधे एकदाही त्याला सोपं करून दिलं नाही.

"झालं?" ऑबुशॉन म्हणाला. "आता सांग. तू बचावपटू होतास. एकच घ्यायचा असेल तर कोण?"

बर्फावर कोल्बी सरावाच्या फेऱ्या मारत होता, उंच, देखणा, वडिलांकडे स्टिक उंचावत. गार्थने त्याच्याकडे बघितलं आणि हात वर करणं त्याला जड गेलं.

"पाईक," तो म्हणाला. "कोल्बी पुढे जातो तो पाईक मागे आहे म्हणून जातो."

"शब्द न् शब्द हेच तुझा पोरगा मंगळवारी म्हणाला मला. सराव संपल्यावर. त्याला मी फक्त जेवण कुठे चांगलं मिळतं ते विचारलं होतं." ऑबुशॉनने नाक पुसलं. "आणि पाईकला तुझ्या पोराबद्दल विचारलं, तर अर्धा तास थांबेना. एकाच घरातल्या तिघांना विचारलं मी, लिसोव्स्की. दोघं सरळ बोलले."

गार्थने विचारलं, "आता त्याचं काय होईल?"

"डॉक्टरला मी आजच सांगतो. पण तुला माहीत आहे ना? एकदा डोक्याचं नाव निघालं की ते हवेत राहतं. त्या बैठकीत वीसेक माणसं असतात, प्रत्येकाच्या कानावर गेलेलं असणार. मी मूठ आपटेन. लागेल की नाही, ते मी सांगू शकत नाही."

सामना बॅजर्स हरले. कोल्बी चार वेळा सुसाट पुढे गेला, मागचं भगदाड बुजवायला कोणी नव्हतं, आणि त्यातून तीन गोल झाले. एल्मर मागच्या बाकावरून म्हणाला, "कुंपण नसलं की ढोरं शिरतात शेतात." या वेळी गार्थ हसला नाही.

घरी आल्यावर मार्लीनने कोट काढण्याआधी हातोडी आणली. दिवाणखान्यात कोल्बीच्या फोटोशेजारची जागा तिने सकाळीच पुसून ठेवली होती. गार्थ स्टुलावर चढला. दोन्ही पोरं स्वयंपाकघरात सॉसेज तळत होती.

"खाली लिहिलंय बघ काहीतरी," मार्लीन म्हणाली. "माझा चष्मा कुठे गेला कोण जाणे. वाच ना."

जर्सीच्या खालच्या कडेला काळ्या शाईत, शाळकरी अक्षरात लिहिलं होतं. "स्किपर आणि मिसेस यांना. पायरीवर बसल्याबद्दल आभार."

"पायरीवर? कसली पायरी?"

गार्थने स्वयंपाकघराकडे तोंड केलं. "कोल्बी," त्याने तिथूनच हाक मारली, "हे लिहायला कधी दिलं होतं तुम्हाला?"

"काल!" आतून आवाज आला. "शुक्रवारी. का रे, डॅड?"

शुक्रवारी. म्हणजे डॉक्टरनंतर, सगळं कळल्यावर. स्वयंपाकघरात सॉसेज चुरचुरत होते, आणि डेक्लनने कोल्बीला काहीतरी सांगितलं म्हणून दोघे हसत होते. गार्थचा हातोडीचा हात खाली आला. तो स्टुलावरून उतरला, चौकट भिंतीला टेकवून ठेवली आणि जर्सीचा दर्शनी भाग भिंतीकडे होता म्हणून पुन्हा उचलून नीट बाहेरच्या बाजूला केला.

"ठोक ना," मार्लीन म्हणाली. "काय झालं?"

"आधी बस," गार्थ म्हणाला. "कोल्बीलाही बोलाव. मग तुम्ही सांगाल तर ठोकतो."